ताईंनी न लिहिलेला शब्द

सुलभाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी इथे मस्कतमध्ये, अल खौदच्या दुकानात कोथिंबीर घेत होते. फोन ठेवला, तरी दोन जुड्यांतली ताजी कुठली हेच बघत उभी राहिले... महिना होत आला, डोकं अजून तसंच चालतंय.

ताई आमच्या वरच्या मजल्यावर कथक शिकवायच्या. छत दणाणतं म्हणून मी भांडायला गेले आणि मैत्रीण होऊन परतले. बाई भारी कडक. नाच सुरू करायचा तर 'चालू दे', आणि कुणी कितीही सुंदर नाचलं तरी 'चालू दे', एवढंच. नफीसालासुद्धा! दोनेक तासांवरच्या खाबुरा गावातल्या रत्नागिरीकर व्यापाऱ्याची ही लेक. बाप दर शनिवारी गाडीने घेऊन यायचा. ती नाचायला लागली की मी गॅस बंद करून वर जायचे.

पुढे अमेरिकेतल्या एका नृत्यसंस्थेनं तिला बोलावलं. असामान्य कलावंतांसाठी वेगळा व्हिसा असतो म्हणे, आणि त्याला जाणकाराचं शिफारसपत्र लागतं. ताईंनी लिहिलं, 'मुलगी मेहनती आहे. शिकते आहे.' वकील म्हणाला, याने अर्ज बुडेल. मी वर जाऊन तणतणले, "अहो, 'असामान्य' लिहायला तुमचं काय जातं? पोरीचं सगळं अडलंय!"

"मी अजून शिकतेय, मग तिचं कसं संपलं?" म्हणाल्या, आणि चहा टाकला.

नफीसानं दुसऱ्या गुरूंचं पत्र मिळवलं आणि गेली. फोन आला की विचारायची, "आंटी, ताईंना मी आवडत नव्हते का?" काय सांगणार, कप्पाळ! हेवा होता? ती जाऊ नये असं वाटत होतं? की 'शिकते आहे' हीच त्यांची शाबासकी?... मला खरंच कळत नाही, आणि त्याचाच राग येतो.

गेल्या आठवड्यात मुलींनी ताईंच्या खोलीत त्यांच्या आठवणीत नाच ठेवला. नफीसाही आली होती, दाराशी उभी. मुली दाटीवाटीनं उभ्या, तरी पुढच्या रांगेतली मधली जागा मोकळी. "सरका की गं पुढे," मी म्हटलं.

"ती नफीसादीदीची जागा आहे," एक चिमुरडी म्हणाली. "तिथे उभं राहिलं की ताई ओरडतात."

नफीसा रडली, खूप रडली. मग घुंगरू बांधून त्या जागेवर जाऊन उभी राहिली आणि ताईंच्या खुर्चीकडे बघू लागली. आम्ही सगळ्याच बघत होतो. आता 'चालू दे' कुणी म्हणायचं, तेच कुणाला कळेना.