शेळीसुद्धा त्यांचीच

मिनियापोलिसच्या एका लहानशा गॅलरीत माझ्या डच गुरूंच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन लागणार होतं, आणि त्यातून त्यांची शेळी वगळायचं चाललं होतं. माझं डोकंच फिरलं.

या माणसाने काय नाही केलं? शिळ्या पावाचे तुकडे चिकटवून चित्रं केली, पियानोवर कणीक थापली, एकही शब्द नसलेली, नुसत्या आवाजांची कविता केली. आणि पोटासाठी वर्षानुवर्षं कार्टूनमधल्या एका म्हाताऱ्या शेळीला आवाज दिला. आवाजाचं काम मी त्यांच्याकडेच शिकले. घशाच्या ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज गेला, तेव्हापासून ते पाटीवर लिहून बोलतात.

प्रदर्शन मांडणारी मुलगी मराठी, पण इथल्याच ईडन प्रेरी या उपनगरात वाढलेली. म्हणाली, "मावशी, शेळी कॅन्सल करू या ना. कविता मेन पीस आहे. कार्टून ऐकलं की लोक त्यांना सीरियसली घेणार नाहीत."

मला ते फार झोंबलं. सॉफ्टवेअरची नोकरी सोडून मी जाहिरातींना आवाज देते, आणि गणपतीला जमलेल्या मंडळींना ते सांगताना इतकी वर्षं मीच चाचरत आले होते.

कवितेची मूळ टेप कॉम्प्युटरवर उतरवायला मी घरी आणली. माझा स्टुडिओ म्हणजे कपड्यांचं कपाट. साड्यांच्या मधे बसून ऐकत होते. कविता संपली, टेपवरच घोटभर पाणी प्यायल्याचा आवाज आला, आणि लगेच शेळी बोलायला लागली.

दुसऱ्या दिवशी गुरूंना विचारलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "कविता कसली, शेळीसाठी घसा मोकळा करत होतो. लोकांना तेवढंच आवडलं." मग पुसून पुन्हा लिहिलं, "कापू नकोस."

मी त्या मुलीला स्पष्ट सांगितलं, टेप वाजेल तर अख्खी वाजेल, नाहीतर मी ती घेऊन घरी जाते. ती "फाइन" म्हणाली आणि फणकाऱ्याने निघून गेली.

उद्घाटनाला कविता लागली तेव्हा लोक गंभीर चेहऱ्याने माना डोलवत होते. गुरू मांडीवर हात ठेवून स्वस्थ बसले होते. मग शेळी आली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. खुशाल हसा, मी मनात म्हटलं, आणि गुरूंकडे पाहिलं.

त्यांचे ओठ हलत होते. कवितेला हलले नव्हते. शेळीबरोबर मात्र ते शब्दन् शब्द बोलत होते.