शनिवारचा सदरा

अभिमन सरांना इतिहास शिकवता येत होता, तिथंच त्यांचं वाटोळं झालं. येत नसता तर धडा वाचून दाखवला असता, प्रश्नोत्तरं उतरवून दिली असती आणि सुखानं नोकरी केली असती. फैजपूरच्या अलीकडे, केळीच्या पट्ट्यातल्या त्या शाळेत बाकीचे मास्तर तेच करत होते आणि कुणाचं काही अडलं नव्हतं.

पण या माणसाला खुमखुमी. आठवीला शिकवताना त्यांनी हट्ट धरला, की वसाहत म्हणजे काय हे पोरांना अंगानं कळलं पाहिजे. पुढचा एक बाक राज्य, मागचे सगळे बाक वसाहती. तेजस नावाच्या आडदांड पोराला राजा केलं. वसाहतींनी त्याचा बाक पुसायचा, त्याचं दप्तर उचलायचं, डब्यातला चांगला घास त्याला द्यायचा आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. कुणी कुरकुर केलीच, तर राजानं काय म्हणायचं ते वाक्यही सरांनीच शिकवलं होतं: “आम्ही तुमचे मायबाप. मायबापाच्या कामाला पोरांना विचारावं लागतं का?” तेजसनं ते इतकं घोकलं, की घरी आईलाही ऐकवलं आणि पाठीत धपाटा खाल्ला.

आठवडाभर खेळ चालला. शेवटी सरांनी विचारलं, आता वसाहतींनी काय करावं? कुणी म्हणालं मारामारी करावी, कुणी म्हणालं पळून जावं. शेवटच्या बाकावर मयुरी बसायची. तिची आई केळीच्या बागांत मजुरीला जायची. ती म्हणाली, काहीच करू नये, हात बांधून बसावं, मग राजाचं दप्तर राजाच उचलेल. सर इतके हरखले, की त्यांनी अख्ख्या वर्गाला तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या.

आता शनिवारची गोष्ट. शनिवारी शाळेत कार्यानुभवाचा तास असे. म्हणायला कार्यानुभव, जायचं मात्र संस्थेचे अध्यक्ष पितांबर नाना यांच्या बागेत. झाडाच्या बुडाशी फुटलेली पिलं कापायची, वाळलेली पानं ओढून काढायची. केळीचा चीक कपड्याला लागला की काळा डाग पडतो, आणि तो काही केल्या निघत नाही. म्हणून घरोघरी पोरांचा एक जुनापाना सदरा बाजूला ठेवलेला असायचा. त्याला सगळे शनिवारचा सदरा म्हणत. अभिमन सरांचाही एक होता. इतकी वर्षं तो अंगात घालून ते पोरांच्या रांगेपुढं चालले, आणि यात काही वावगं आहे असं त्यांच्या मनाला शिवलंही नाही. आणि हा म्हणे इतिहासाचा मास्तर! सातासमुद्रापलीकडची वसाहत याला दिसली, आणि रोजच्या वाटेवरची दिसली नाही.

खेळ संपल्यानंतरच्या शनिवारी आठवीची पोरं आली ती गणवेशात. पांढरेशुभ्र शर्ट, एकाच्याही अंगात जुना सदरा नाही. घंटा झाली तशी ती मैदानातल्या निंबाखाली गेली आणि हात बांधून बसली. बाकीच्या वर्गांची रांग बागेकडं निघून गेली. सरांना आधी नाना आठवले. आणि खोटं कशाला बोला, छातीही फुगली. आपण शिकवलेलं पोरांना लागू पडलं, याहून मास्तराला दुसरं काय हवं असतं?

तेवढ्यात शिपाई आला. नानांनी घरी बोलावलं होतं.

नाना ओरडले नाहीत. त्यांनी चहा पाजला, घरच्यांची विचारपूस केली. मग सहज सांगितलं, की सरांच्या मान्यतेची फाइल सोमवारी जळगावला शिक्षण खात्याकडं जायची आहे, आपली सहीच तेवढी बाकी आहे. नोकरीला लागल्यापासून सर या मान्यतेसाठी झुरत होते. मान्यता नाही म्हणजे पुरता पगार नाही, उद्या काढून टाकलं तर कुणी विचारणार नाही. त्यांच्या बायकोच्या, ज्योतीच्या माहेरी तर त्यांना अजून मास्तर म्हणून कुणी मोजतच नव्हतं. पोरांबद्दल नाना इतकंच बोलले, “लहान आहेत ती, भाऊ. तुम्हीच समजावा त्यांना.”

सर निंबाखाली परतले, तेव्हा त्यांना पाहून पोरांचे चेहरे उजळले. त्यांना वाटलं, सर शाबासकी द्यायला आले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणतात ते हेच.

सरांनी समजावायला सुरुवात केली. खेळ वेगळा, शाळा वेगळी. शाळा म्हणजे आपलं घर. नानांनी जागा दिली म्हणून हे घर उभं राहिलं. पोरं हलेनात, तसा सरांचा आवाज चढत गेला.

“अरे, नाना आपले मायबाप आहेत,” ते म्हणाले. “मायबापाच्या कामाला...”

“पोरांना विचारावं लागतं का,” तेजसनं वाक्य पुरं केलं.

त्यात खोडसाळपणा नव्हता. पाठ होतं, जिभेवर आलं. दोन-चार पोरं हसली, मग कुणीच हसेना. चुकलं माझं, बसा तुम्ही, एवढं सरांनी म्हटलं असतं तरी पुष्कळ होतं. तोंडापर्यंत आलंही असेल. पण डोळ्यांपुढं ती फाइल होती.

“चला, उठा,” ते म्हणाले.

सगळ्यात आधी मयुरी उठली. तिच्यामागं बाकीची उठली. घरी जाऊन कपडे बदलून या, एवढं सांगायचंही सरांना सुचलं नाही. दुपारपर्यंत पोरांनी गणवेशातच पिलं कापली आणि पांढऱ्या शर्टांवर चीक उडत राहिला. सरांच्या अंगात शनिवारचा सदरा होता. त्यांचं काही बिघडलं नाही.

यथावकाश मान्यता आली. सरांनी शाळेत पेढे वाटले. आठवीच्या वर्गात ते स्वतः खोका घेऊन बाकाबाकापाशी गेले. मयुरीच्या शर्टाच्या बाहीवर डाग तसाच होता. आईनं घासून घासून तिथलं कापड विरलं होतं. सरांनी हळू आवाजात विचारलं, रागावली नाहीस ना?

“नाई सर,” पेढा उचलत ती म्हणाली. “पन पुन्हा खेळ घेतला त मले राजा करजा. वसाहत नको.”

“बरं,” सर म्हणाले, आणि त्यांनी खोका पुढच्या बाकाकडं नेला.