ख्राख म्हणजे आवडीने

"तू हे घे. 'मला साफसफाई करायला आवडतं.' तुमच्याकडे सवय असते ना."

महाडला डच भाषेचा वर्ग. मॅडम पुण्याच्या, बारा वर्षं हॉलंडात राहून आलेल्या. आम्ही अकरा जणी, सगळ्या नर्स. मॅडम जिला शिफारसपत्र देणार, तिचीच तिकडच्या हॉस्पिटलशी मुलाखत. मी पोलादपूरच्या डोंगरातली. ड्युटीवरून उतरले की तशीच वर्गात.

त्या दिवशी क्रियाविशेषणं होती. ख्राख. म्हणजे आवडीने. क्रियापद दुसऱ्या जागेवर आणि त्याच्या मागे ख्राख. इक लेस ख्राख. मी वाचते आवडीने. हा ख घशातनं खरवडून काढायचा. महाडच्या नसीमला तो पहिल्याच दिवशी जमला. बाकीच्या आम्ही खोकत बसलो.

मॅडम वाक्यं वाटत होत्या. एकीला वाचन. एकीला गाणं. नसीमला स्वयंपाक. मला झाडू. वर्गाच्या माझ्या फॉर्मला जातीचा दाखला जोडलेला, तो त्यांनी वाचला होता. दोघी-तिघी हसल्या. मॅडम हसल्या नाहीत. त्यांना त्यात काही वावगं वाटलंच नव्हतं. तेच जास्त लागलं.

पेशंटची घाण मी रोज काढते. नाक मुरडत नाही. ते काम आहे, शिकून करते. माझी आय पोलादपुरात लोकांच्या मोऱ्या घासत म्हातारी झाली. तुला हे आवडतं का, असं तिला कोणी विचारलं नाय. आणि आता 'आवडीने' हा शब्द माझ्या तोंडात कोंबणार?

नसीमने कोपर मारलं. "म्हणून टाक गो. पत्र मिळू दे आधी."

"नाय म्हणवत गो."

उभी राहिले. चळवळीच्या सभांमध्ये मी पत्रकं वाटलीत, 'पेटून उठा' असं स्वतः लिहून छापलंय. इथे पेटलं-बिटलं काही नाही. नियम मॅडमनीच शिकवलेला, नकार ख्राखच्या आधी येतो. म्हणाले, "इक माक नीत ख्राख स्खोन." मला साफसफाई करायला आवडत नाही.

मॅडमनी वही मिटली. "व्याकरण बरोबर आहे. पण नकार देणाऱ्या मुली तिकडे चालत नाहीत. आणि आधी मराठीतलं ते 'नाय' सुधार."

पत्रं चौघींना मिळाली. नसीमला मिळालं. माझ्याशी बोलताना ती अजून खाली बघते. तिचा काय दोष.

दमलेय. प्रत्येक दारात पहिल्यापासून तेच सांगायचं, याने दमलेय. पण परीक्षा शिफारशीशिवायही देता येते. एकटीने, मोबाईलवर शिकून. लागतील तेवढी वर्षं लागू देत.

परीक्षेचा फॉर्म भरलाय. पत्त्यात आजवर मी नुसतं गाव लिहायचे. या वेळी पूर्ण लिहिला. बौद्धवाडी. खाली सही केली.