पोराचं वय वाढवताना

माझा धाकटा भाऊ शिंपी. सगळे त्याला मास्तर म्हणतात, मीही. त्याचा एकुलता एक पोरगा कॉलेजात असताना बापाशी भांडून घरातून गेला, तो गेलाच. भावजय वाट बघून बघून वारली. मग मास्तरच्या डोक्यात शिरलं, आपल्याकडचा फोटो कोवळ्या पोराचा, तो आता चाळिशीला आला असणार, लोक ओळखणार कसे?

म्हणून जुना कॉम्प्युटर घरी आणला, फोटो बदलायचं सॉफ्टवेअर टाकून घेतलं. मी म्हटलं, "अरे, या वयात नसती उठाठेव कशाला?" ऐकेल तर शपथ! जन्मभर कात्री चालवलेला हात, पण माउस धरला की भलतीकडेच जायचा. चेहऱ्याभोवती रेघ मारायला जायचा, अर्धा कानच कापून यायचा. "ताई, कापड बरं गं, निदान पळत तरी नाही," म्हणायचा.

एका फोटोतली कातडी उचलून दुसऱ्यावर ठिगळासारखी लावता येते, हे कळल्यावर गडी खूश. सुरकुत्या हव्या होत्या, त्या स्वतःच्याच फोटोतून उचलल्या. कपाळ, डोळ्यांखालच्या पिशव्या, पिकलेले कल्ले. चाळिशीचा करता करता पोरगा साठीला टेकला.

"अरे मेल्या, हा तर तूच दिसायला लागलास," मी म्हटलं.

"मग? लेक कुणाचा?" म्हणाला, आणि किती वर्षांनी हसला.

खाली फोन नंबर घालून कागद छापले. बस स्टँडभर चिकटवून आम्ही बाकावर टेकलो, तोच त्याचा फोन वाजला. पलीकडून कुणी बाई इतक्या मोठ्यानं बोलत होती की मलाही ऐकू येत होतं.

"अहो, कागदावरचा माणूस सापडला! इथे स्टँडवरच आहे!"

मास्तर ताडकन उठला. "जाऊ देऊ नका हो त्याला, पाया पडतो! कसा आहे? बरा आहे ना?"

"थकलेला वाटतोय. निळा शर्ट. शेजारी एक म्हातारी बसलीय."

तो वेड्यासारखा बाकाबाकापाशी जाऊन माणसांची तोंडं बघायला लागला. निळा शर्ट त्याच्याच अंगात होता.

"कुठे, बाई? दिसत नाही हो मला!"

"अहो, आता बाकाबाकापाशी फिरतोय की! त्यानंही फोन कानाला लावलाय."

समोर तिकीटखिडकीतली बाई फोन कानाला लावून त्याच्याकडेच हात करत होती. मास्तरनं तिला बघितलं. मग खिडकीशेजारी चिकटवलेल्या कागदाकडे बघितलं.

"तो नव्हे, बाई," तो फोनमध्येच म्हणाला. "मी बाप आहे त्याचा."