हात ओला होईपर्यंत

तव्याच्या वर वीतभर उंचीवर तळहात धरायचा आणि तो वाफेनं ओला झाला की मगच ताटली पुढे सरकवायची, ही मामांची सवय. "हात वला झाला न्हाई तवर वाढायचं न्हाई," असं म्हणायचे.

तुम्ही पाचगणीला आला असाल तर शाळेच्या उताराखालचं मामांचं ते सँडविचचं दुकान तुम्हीही पाहिलं असेल. मामा मूळचे माण तालुक्याचे, लष्करात मेसचे आचारी होते. मी वरच्या निवासी शाळेत शिकवायची, म्हणून त्यांच्या तोंडी 'बाई'.

मला दिवस गेले आणि डोहाळे लागले ते थंडगार सलामीचे, सँडविचमधल्या त्या खारवलेल्या मांसाच्या कापांचे! सांगलीच्या सासूबाईंना कळतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. गुपचूप दुकान गाठलं. म्हटलं, "मामा, फ्रिजमधले चार काप द्या, तसेच."

मामांनी पोटावर ठेवलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं. "कितवा म्हैना?"

"तिसरा."

"मग गार न्हाई मिळायची. ह्यातलं जंतू फ्रिजात बी वाढत्यात. मेसमधी डाक्टरसाहेब लय दरडवायचं. पोटुशीला वाफ निघंस्तवर गरम करूनच द्यायचं. आन ते बी कवातरी, लय मीठ असतं."

"पण डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते म्हणतात."

"गळू द्या की. लाळ पुसता येती."

हसायचं सोडून मला रडूच फुटलं. आदल्या वर्षी चौथ्या महिन्यात माझं एक गेलं होतं. कशानं, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. पाचगणीत कुणाला बोलले नव्हते, ते मामांना तिथेच सांगून टाकलं. मी फार घाबरले होते.

मामांनी तवा तापत ठेवला. सलामी उलटीपालटी करून चांगली भाजली आणि माझाच हात वाफेवर धरायला लावला. "वला झाला? आता खावा."

डोहाळजेवणाला तर कहर झाला. सांगलीच्या बायका ओटी भरत होत्या आणि मामा दारात, काखेत शेगडी, हातात तवा! "आवं, घरनं भाजून आणली तर वाटंत गार व्हती," म्हणाले. सासूबाईंनी नाक मुरडलं, पण अंगणात जागा करून दिली. मामांनी त्यांनाही हात धरायला लावला. त्यांनी नथ सावरत धरला आणि गंभीरपणे म्हणाल्या, "ओला झाला हो."

मुलगी झाली, धडधाकट. लाळ मात्र खूप गाळायची. मामा तिला गल्ल्यामागे मांडीवर घेऊन खांद्यावरच्या पंच्यानं हनुवटी पुसत बसायचे, गिऱ्हाईक खोळंबलं तरी.

गेल्या हिवाळ्यात मामा गेले. दुकानाला कुलूप आहे. मला त्यांची फार आठवण येते.

काल लेकीला गरम वरणभात वाढला. तिनं ताटावर हात धरला, थोडं थांबली, मग तळवा उलटा करून मला दाखवला.

"आई, झाला ओला. आता खाऊ?"