मोडनिंबचं माहेर

गाडीत गोड वास यायला लागला तेव्हा लेक माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली होती. सातव्या महिन्याची ओटी भरून आम्ही तिला सोलापूरच्या जुळे सोलापूर भागातल्या तिच्या सासरहून आमच्या घरी, नाशिकच्या बाजूला, बाळंतपणाला नेत होतो. पहिलं बाळंतपण आईकडेच व्हायचं हे तिच्या लग्नाच्या दिवसापासून माझ्या मनात ठरलेलं होतं. तिच्या पदरात नारळ, खण, गहू, खारका, सगळं तसंच बांधलेलं होतं.

वास गरम गुळासारखा होता. मला वाटलं, विहीणबाईंनी ओटीत गुळाचा खडा घातलाय, तो उन्हाने पाघळला असेल. लेकीला वाटलं, सासूने तिच्यासाठी डब्यात दिलेल्या गूळ-दाण्यांच्या शेंगापोळ्यांचा वास आहे. आणि गाडी चालवत होते तिचे वडील, त्यांना वाटलं रस्त्याकडेला कुठंतरी गुऱ्हाळ चालू आहे. तिघांनी तीन गोष्टी मनात धरल्या आणि कुणी कुणाला विचारलं नाही.

शिवाय आमच्याकडे रीत आहे, ओटीची लेक घेऊन निघालं की पहिली नदी ओलांडेपर्यंत थांबायचं नाही. सीना नदी मागे पडली तोवर वासाची सवय झाली होती. मोडनिंबच्या फाट्याशी आलो आणि बॉनेटमधून पांढरी वाफ निघाली, चुलीवरचं झाकण उचलावं तशी. गाडीने एक आचका दिला आणि ती गप्प झाली.

फाट्याजवळच कडुलिंबाखाली एक गॅरेज होतं. तिथला मिस्त्री ओलं पोतं घेऊन आला, बॉनेट उघडलं आणि मागे सरकला.

"पाव्हणं, गाडी चालवत आणली का शिजवत आणली?"

हे म्हणाले, "तापमानाचा काटा आधीपासूनच बंद आहे. पण वास येत होता, गोड."

"मंग? रंगीत पाणी असतंय की यात. तापून उकळलं की गुळावानी वास मारतंय. पाइप फुटून सगळं पाणी गेलं बगा." त्याने आत हात घालून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. "इंजनाचं वरलं हेड गेलंय. खोलावं लागंल, मशीनवर घासायला सोलापूरला न्यावं लागंल. उद्या सांजच्याला हुईल. न्हायतर परवा सकाळी."

मग त्याने खर्च सांगितला. हे तिथल्या बाकावर बसले. बाळंतपणासाठी म्हणून आम्ही जे बाजूला ठेवलं होतं, त्यातलं जवळजवळ सगळंच त्या एका आकड्यात जात होतं.

"एवढ्यात नवीन गाडी येईल की हो, मिस्त्री."

"या की घिऊन. पर ती बी पाणी मागतीया."

हे हसले नाहीत. मीही पदर तोंडाशी धरून दुसरीकडे बघत राहिले. परक्या माणसासमोर मला बोलणं सुचत नाही. लहानपणापासून असंच आहे. यांनी बोलायचं, मी मान हलवायची, यातच संसार झाला.

जावयाचा फोन आला. "सोलापूर तासाभरावर आहे. मी गाडी घेऊन येतो, तुम्ही सगळे घरी चला." यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. ओटी घेऊन बाहेर पडलेली लेक मूल झाल्याशिवाय त्या उंबऱ्यात परत जात नाही. माझ्या आईने मला असंच नेलं, तिच्या आईने तिला. आणि मी तर लेकीच्या घरी जेवतही नाही. नातवंडाचं तोंड बघेपर्यंत लेकीच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. ओटीच्या दिवशीही मी आमची भाकरी बांधून आणली होती. विहीणबाई हसल्या, पण त्यांनी आग्रह केला नाही.

लेक पदरातल्या नारळावर बोट फिरवत बसली.

गॅरेजच्या मागेच मिस्त्रीचं घर होतं. त्याची बायको हात पुसत बाहेर आली, आम्हाला बघितलं आणि नवऱ्यावरच ओरडली, "अवो, ओटीची लेक आशी रस्त्यावर बशिवत्यात व्हय? माणसं हायत का इंजन हायत ही?" मग माझा हात धरून म्हणाली, "चला ताई. आत चला." मी नको म्हणणार होते, पण ते म्हणायच्या आत मी उंबऱ्याच्या आत होते.

त्या दोन दिवसांचं सगळं मला नीट क्रमाने आठवत नाही. झोपेत चालल्यासारखे ते गेले. माघाचं ऊन होतं, अंगाला लागणारं पण जाळणारं नाही. लिंबाखाली बाज टाकलेली होती, लेक तिच्यावर आडवी व्हायची आणि मी तिच्या पायाशी. समोर रस्ता. ट्रकमागून ट्रक जायचे. प्रत्येकाच्या पाठीवर काहीतरी लिहिलेलं असायचं, पण माझं वाचन चौथीच्या शाळेचं, हळू. पहिले दोन शब्द वाचेपर्यंत ट्रक निघून जायचा. मग उरलेलं मी मनाने पूर्ण करायची. रस्त्यापलीकडे ज्वारी उभी होती, कणसं भरलेली. वारा आला की सगळं रान एका अंगाला कलायचं, झोपेत माणूस कूस बदलतो तसं.

मिस्त्रीने इंजिन खोलून एकेक भाग गोणपाटावर मांडला होता. लेक म्हणाली, "आई, भातुकली मांडल्यासारखं दिसतंय." तिच्या डोळ्यांत झोप होती. मला ती पाच वर्षांची वाटली. पोटावर हात ठेवून झोपलेली पाच वर्षांची मुलगी.

मग मिस्त्रीने तो जड लोखंडी भाग पोत्यात गुंडाळला, मोटरसायकलच्या मागे बांधला आणि सोलापूरला निघाला. हे मागे बसले, पैसे काढायलाही जायचं होतं. आम्हाला परतायची बंदी आणि तो लोखंडाचा तुकडा मात्र आला तसा परत चालला होता. लेक त्या मोटरसायकलकडे ती दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिली. तेव्हा मला ते नुसतं बघणं वाटलं.

एक गोष्ट मला सुखाची वाटत होती आणि तिची लाजही वाटत होती. गाडी बिघडली, पैसा चालला, यांचा चेहरा उतरला, आणि मला आतून बरं वाटत होतं. लग्न झाल्यापासून लेक अशी माझ्याजवळ बसली नव्हती. सणाला यायची ती पाहुण्यासारखी, घड्याळ बघत. इथं ना तिचं घर होतं ना माझं. कुणाला चहा द्यायचा नव्हता, कुणाच्या समोर पदर सावरायचा नव्हता. ती बोलायची आणि मी ऐकायची. तिच्या बोलण्यात इकडची लकब आली होती. "चाललंय की," म्हणायची. "हितं ठेव," म्हणायची. मिस्त्रीची बायको आणि ती अशा भरभर बोलत होत्या की त्या दोघी एका गावच्या वाटाव्यात आणि मी पाहुणी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला बाजेवर डुलकी लागली. स्वप्नात आमच्या घरातली मागची खोली दिसली. लेकीसाठी मी त्या खोलीला पिस्ता रंग दिला होता, पाळण्याचा हुक बसवून घेतला होता. स्वप्नात पाळणा हलत होता, पण दोरी कुणाच्याच हातात नव्हती. मी दोरी धरायला गेले आणि लेकीच्या आवाजाने जागी झाले.

"आई, ऐक. मला तिकडे यायचं नव्हतं."

मला वाटलं अजून स्वप्नच चाललंय. वर लिंबाची पानं हलत होती.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, एवढा लांबचा प्रवास नको. सुरुवातीला त्रास झाला होता ना मला. म्हणाल्या, इथंच राहा, माझ्या डोळ्यांसमोर."

"मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलणार? तू रोज फोनवर भिंत दाखवत होतीस. आज एक हात मारला, आज दुसरा हात मारला. तुझ्या जावयालाही मीच सांगू दिलं नाही. म्हटलं, जाईन हळूहळू. आता पुढचा सगळा रस्ता बघितला की भीती वाटती."

मी उठून बसले. रागही आला, खोटं कशाला बोलू. तीन महिने ती माझ्याजवळ राहणार म्हणून मी महिने मोजत दिवस काढले होते. घरात आम्ही दोघंच. हे कामावर गेले की भिंतींशी बोलायचं. पण तिच्या हाताला हात लावला तर तो गार होता, एवढ्या उन्हात.

मिस्त्रीची बायको दारात परातीत भाकरी थापत होती. तिच्याकडे तव्यावरची भाकरी चुलीशी उभी करून वाळवतात, कडक, पापडासारखी. तिने सगळं ऐकलं असणार. तिथं भिंत अशी नव्हतीच.

"मंग जाऊ द्या की तिला माघारी," ती म्हणाली.

मी हळूच म्हणाले, "ओटी घेऊन निघालीय. माहेरी न पोचता परत कशी जाईल?"

"पोचली न्हाय व्हय? आईपाशी दोन दीस ऱ्हायली, आईच्या मांडीवर झोपली. आता आनि माहेर म्हंजे काय आसतंय? पत्र्याचं आसंल, म्हनून न्हाय व्हय?" तिने डोक्यावरच्या पत्र्याकडे बोट दाखवलं. "हितनं मी भरती तिची ओटी. माहेरची ओटी घिऊन लेक सासरी जाती, त्याला कोण नाव ठिवंल?"

"पण मग तिच्याजवळ कोण? मी तिथं राहायचं म्हणजे... मी तिच्याकडे जेवत नाही."

"आता काय म्हनावं!" ती इतकी हसली की भाकरी तव्यावर वाकडी पडली. "तुमचं पीठ तुमी न्या. ग्यास तिचा, पीठ तुमचं. हिशोब फिटला की!"

लेकही हसली. खूप दिवसांनी ती पोट धरून हसली, मग घाबरून पोटावरचा हात सैल केला. मला वाटतं माझं ठरलं ते तेव्हाच.

पण ठरवणं वेगळं आणि यांना सांगणं वेगळं. संध्याकाळी गाडी जोडून झाली. मिस्त्रीने चालू केली, ती गुरगुरली आणि मग शांत चालू लागली. यांनी पैसे दिले. देताना त्यांचा चेहरा मला बघवेना. मिस्त्री नोटा खिशात घालत होता आणि मी त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले. परक्या माणसासमोर.

"आपण तिला नेत नाही," मी म्हणाले. "ती सोलापुरात राहणार. डॉक्टरांनी सांगितलंय. मी तिच्याजवळ राहते."

हे बघतच राहिले. "अगं, एवढा पैसा ओतला तो काय रिकामी गाडी घेऊन जायला?"

"गाडी दुरुस्त केली ती तिला जपून न्यायलाच. मग तासाभराचा रस्ता जपून न्या."

"आणि मी?"

हे गाडीभोवती फिरले, चाकांना पायाने दाबून बघितलं, एकदा, परत एकदा. मिस्त्री काजळीचे हात पुसत आभाळाकडे बघत म्हणाला, "ट्रायल तर मारायचीच हाय, पाव्हणं. सोलापूरच्या अंगाला रस्ता मोकळा हाय. काय आवाज आला तर मी हायच की हितं."

मिस्त्रीच्या बायकोने लेकीची ओटी भरली. तिच्या घरात नारळ नव्हता, म्हणून तिने डाळिंब घातलं. ज्वारी घातली, पाच मुठी. आणि मला बाजूला घेऊन पिठाची पिशवी दिली. "ही बी तुमचीच समजा. दळान माज्या हातचं हाय, लेकीच्या घरचं न्हाय."

गाडी फाट्यावर आली. पुण्याकडे सरळ, सोलापूरकडे वळून. हे क्षणभर थांबले, मागून एका ट्रकने हॉर्न दिला. मग काही न बोलता यांनी गाडी वळवली.

उन्हं कलली होती. ज्वारीच्या रानावर तांबूस उजेड तरंगत होता आणि गाडी त्यातून इतकी हळू चालली होती की सायकलवालाही पुढे जात होता. लेक झोपली. दोन्ही ओट्या तिच्या मांडीवर होत्या, एक सासरची, एक मोडनिंबची. नदी जवळ आली तेव्हा यांनी एकदम विचारलं, "वास येतोय का गं?"

मी श्वास घेतला. "येतोय. गोड."

यांनी तिथल्या तिथे गाडी कडेला घेतली, नदीच्या अलीकडेच. आमची रीत तिथंच मोडली. बॉनेट उघडलं, मोबाइलच्या उजेडात पाइपन् पाइप बघितला, सगळं कोरडं. मग ते मागच्या खिडकीशी आले. डबा अर्धवट उघडा होता. त्यांनी एक शेंगापोळी काढली, तुकडा मोडला आणि पुलाकडे तोंड करून उभ्याने खाल्ला. मी म्हणाले, "अहो, लेकीच्या घरची आहे ती." ते म्हणाले, "आता गाडीची आहे." आणि उरलेलीही संपवली.

मी ती खाल्ली नाही. मी शेंगापोळी खाल्ली ती थेट वैशाखात, नात झाली त्या दिवशी. दवाखान्यातच विहीणबाईंनी ताट वाढलं, मी माझ्या पिठाच्या भाकरीचा डबा उघडायला उठले तर त्यांनी हात धरून बसवलं. लेक आणि नात दोघी सुखरूप होत्या. तरी पहिला घास तोंडाशी नेताना तो गोड वास आला आणि मी खिडकीबाहेर बघितलं, वाफ दिसतेय का म्हणून.

तेवढ्यात यांचा फोन आला. आम्हाला सोडून घरी एकटेच परतलेले ते आता पिस्त्याच्या रंगाच्या खोलीतच झोपतात, तिथं वारा लागतो म्हणतात. मी फोन नातीच्या तोंडासमोर धरला. मग ते म्हणाले, "गाडीत पाणी भरून ठेवलंय. सकाळी निघतो."