उदाहरण चालवून पाहणाऱ्या नसीम मॅडम

नसीम मॅडमना मी पहिल्यांदा पाहिले ते पाठमोऱ्या. गडचिरोलीच्या आमच्या महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवायला मी नुकताच रुजू झालो होतो आणि वेळापत्रक छापून घ्यायला संगणक विभागात गेलो होतो. मॅडम एका मुलीच्या खुर्चीमागे उभ्या होत्या. पडद्यावर लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर आला होता आणि ती मुलगी घाबरून तो पुसून टाकायच्या बेतात होती.

"पुसू नको," मॅडम म्हणाल्या. "ते तुले शिव्या नाई देऊन राह्यलं. काय चुकलं ते सांगून राह्यलं. मोठ्यानं वाच."

मुलीने अडखळत वाचले. मॅडमनी एकेका शब्दाचा अर्थ तिच्याचकडून काढून घेतला. चूक एका कंसाची निघाली. मुलगी हसली, मॅडम हसल्या नाहीत. "आता दुसरी शोध," एवढेच म्हणून पुढच्या खुर्चीकडे गेल्या. माझे वेळापत्रक छापायचे राहूनच गेले.

मॅडमचे माहेर वडशाचे. वडील शिंपी, हिवाळ्यात झाडीपट्टीच्या नाटक मंडळ्यांचे कपडे त्यांच्याकडे शिवायला येत. मॅडम नागपूरला शिकल्या आणि तिथली नोकरी सोडून इकडे परतल्या. का परतलात, असे मी एकदा विचारले तेव्हा म्हणाल्या, "इथल्या पोरांनी काऊन नागपूरले जावं? मास्तरनं यावं ना." या विषयावर त्यांच्याशी झालेले बोलणे तेवढेच.

माझी पत्नी दवाखान्यात होती तो महिना मी विसरू शकत नाही. माझ्या प्रात्यक्षिकांचे काय, याची चौकशी करायलाही मी महाविद्यालयात गेलो नव्हतो. परतलो तेव्हा कळले की ती सगळी मॅडमनी घेतली होती. पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना सांगितले होते, "हा विषय मला येत नाही. आपण मिळून वाचू आणि करून पाहू." माझ्या विद्यार्थ्यांना त्या वर्षी भिंगांचा भाग जितका पक्का आला तितका माझ्या हातून कधी आला नाही.

गौरव समितीने साठीनिमित्त या अंकाची कल्पना मांडली तेव्हा मॅडमनी आधी साफ नकार दिला. मग एका अटीवर होकार दिला, आणि ती अट माझ्याकडे पाहून सांगितली. "सर, लिहायचं असेल तर नदीचं लिहा. ते टाळून माझ्याबद्दल कोणी चांगलं लिहू नये." म्हणून वाचकांची क्षमा मागून या आनंदाच्या अंकात मी ती हकीकत लिहितो आहे.

वैनगंगेच्या काठी ढिवरांचे, म्हणजे मासेमारांचे, एक गाव आहे. तिथल्या लोकांच्या इच्छेवरून नाव देत नाही. वरच्या धरणाचे दरवाजे उघडले की नदी बघता बघता फुगते आणि जाळी टाकायला गेलेली माणसे पाण्यात अडकतात. सरकारी सूचना येत, पण कधी उशिरा, कधी दुसऱ्याच गावाला. मॅडमनी आणि मी मिळून एक साधी व्यवस्था उभी केली. जुन्या पुलाच्या खांबावर मी पाण्याची उंची मोजणारे उपकरण बसवले. ते मोजमाप महाविद्यालयातल्या संगणकाकडे येई. मॅडमचा प्रोग्राम अलीकडच्या नोंदींची सरासरी काढी, आणि ती ठरावीक खुणेच्या वर गेली की गावातल्या मोबाइलवर मेसेज जाई: पाणी वाढत आहे, नदीत उतरू नका.

पहिली काही वर्षे मेसेज वेळेवर गेले. गावकऱ्यांचा त्यावर विश्वास बसला. इतका की पोलीस पाटलाच्या दवंडीपेक्षा लोक मोबाइलकडे बघू लागले. आम्हाला त्याचे कौतुक वाटे.

एका पावसाळ्यात, सकाळच्या वेळी, नदी चढली आणि मेसेज गेला नाही. नामदेव नावाचा तरुण मासेमार डोंगा घेऊन मधल्या धारेत होता. डोंगा खाली एका बंधाऱ्याला अडकलेला सापडला. नामदेव दुसऱ्या दिवशी सापडला. पुरात बुडून मृत्यू, अशी कागदावर नोंद झाली. आम्हाला कोणी काही विचारले नाही.

मॅडमनी मात्र प्रयोगशाळेचे दार लावून घेतले आणि त्या सकाळच्या नोंदी काढल्या. मुसळधार पावसात उपकरणाचा संपर्क तुटत होता. मधल्या बऱ्याच नोंदी रिकाम्या आल्या होत्या. दुपारी त्यांनी मला बोलावले.

"सर, हे पान वाचा."

ज्या संगणकीय भाषेत प्रोग्राम लिहिला होता, तिच्या माहितीचे ते पान होते. ही भाषा कोणा कंपनीची नाही. जगभरातली माणसे आपापल्या घरी बसून ती घडवतात आणि तिची माहितीपाने एक साधन आपोआप तयार करते. पानावर लिहिले होते की रिकामी नोंद सरासरीत धरली जात नाही. खाली तीन ओळींचे उदाहरण होते आणि त्याचे उत्तर.

"आता हे पाहा." मॅडमनी तेच उदाहरण अक्षर न अक्षर टाइप केले आणि चालवले. उत्तर वेगळे आले. रिकाम्या नोंदीला भाषा शून्य समजत होती. पूर्वी समजत नसे. प्रोग्रामचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा जो कंपायलर, त्याच्या नव्या आवृत्तीत कुणाच्या तरी हातून हा बदल झाला होता. उदाहरण मात्र जुनेच राहिले होते. आमच्या संगणकावर ती नवी आवृत्ती उन्हाळ्यात बसवली होती. म्हणजे नदी चढत असताना, जितकी शून्ये येत गेली तितकी आमची सरासरी उतरत गेली.

मी म्हणालो, "मग ही चूक त्यांची आहे."

"पान त्यांचं आहे," मॅडम म्हणाल्या. "मेसेज आपला होता. नवी आवृत्ती बसवली तेव्हा मी हे चालवून पाहिलं नाही."

वरिष्ठांनी त्यांना सल्ला दिला की कुठे काही बोलू नका, प्रकरण मिटले आहे. मॅडम दुसऱ्या दिवशी एसटीने त्या गावी गेल्या. मी सोबत होतो. नामदेवचे वडील लहानुभाऊ ओसरीत बसले होते. समोर जाळे पडले होते. ते विणत नव्हते, नुसते बसले होते. मॅडम खाली बसल्या आणि काही न लपवता, त्यांना कळेल अशा शब्दांत सारे सांगितले.

लहानुभाऊ म्हणाले, "म्हंजे मशीनले वाटलं का पानी नाई?"

"हो."

"अन् ते मशीनले कोन शिकवलं होतं?"

"मी."

लहानुभाऊंनी मान हलवली. "पोरगा मले पुसला होता. बाबा, जाऊ का जारं काढाले? मीच मोबाइल पाह्यलो. मेसेज नाई आला, जा म्हनलो." मग ते मॅडमकडे न बघता म्हणाले, "तुमी जा आता, बाई."

आम्ही उठलो. परतीच्या बसमध्ये मॅडम खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी बोलायला गेलो तर त्यांनी हाताने थांबवले.

पंधरवड्याने दुरुस्त केलेली व्यवस्था घेऊन त्या पुन्हा गेल्या. ग्रामसभेत लोकांनी शांतपणे ऐकून घेतले. मग एक बाई उठून म्हणाली, "आमाले तुमची मशीन नोको." कोणी तिला खाली बसवले नाही. मॅडमनी वाद घातला नाही. खांबावरचे उपकरण आम्ही दोघांनी काढून आणले. ते आजतागायत परत बसलेले नाही.

यानंतरचे काम त्यांचे सर्वांत मोठे काम आहे, आणि ते या जिल्ह्यात फारसे कोणाला ठाऊक नाही. त्यांनी भाषेच्या कर्त्यांना चूक कळवली. कंपायलर दुरुस्त झाला, आभाराचे निरोप आले. मॅडमना ते पुरेसे वाटले नाही. त्यांनी मागणी केली की माहितीपाने तयार करणाऱ्या साधनाने प्रत्येक उदाहरण स्वतः चालवून पाहावे, आणि उत्तर जुळले नाही तर पान तयारच करू नये. त्यावर नकार आला. साधन फार मंदावेल, असे कारण दिले गेले. कोणी लिहिले की उदाहरणे वाचण्यासाठी असतात.

मॅडमनी मग ती हाताने चालवायला सुरुवात केली. तास संपले की बसत. एकेक पान, एकेक उदाहरण. चुकलेली निघत गेली, तसतशी त्या पाठवत गेल्या. प्रत्येक दुरुस्तीसोबत कंपायलरसाठी एक चाचणीही लिहीत, म्हणजे तीच चूक पुढे कोणी नकळत परत आणली तर ती लगेच पकडली जावी. वर्षे गेली. चुकांचा ढीग इतका वाढला की विरोध करणारेच एक दिवस म्हणाले, तुम्हीच हे साधन सुधारून द्या. मॅडमनी ते दिले. मंदावू नये म्हणून, कंपायलरमधल्या किंवा पानातल्या बदलाचा ज्यांवर परिणाम होतो तेवढीच उदाहरणे चालवण्याची सोयही त्यांनीच शोधली. उत्तर चुकले तर पानावरचे उत्तर आणि खरे उत्तर शेजारी शेजारी दाखवणारा निरोप त्यांनी इतका सोपा लिहिला की आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनाही तो कळतो.

रिकाम्या नोंदीच्या चाचणीला नामदेवचे नाव द्यावे, असे एका विद्यार्थ्याने सुचवले. मॅडम म्हणाल्या, "त्याच्या नावावर आपला हक्क नाही."

पुढे एकदा भाषेची नवी आवृत्ती अडली. बरीच उदाहरणे जुळत नव्हती आणि भाषेच्या कर्त्यांना घाई होती. ही तपासणी तूर्त बंद ठेवावी, असे बहुतेकांचे मत पडले. तोवर मॅडमनी नदीबद्दल त्यांच्या चर्चेत एक अक्षर लिहिले नव्हते. त्या दिवशी लिहिले: मी या पानांवर विश्वास ठेवला आणि माझ्या गावाजवळचा एक माणूस बुडाला. चर्चा तिथेच थांबली. तपासणी राहिली.

मी अभिनंदन करायला गेलो तर त्यांचे डोळे लाल होते. "मी त्याला वापरलं, सर," त्या म्हणाल्या. "वाद जिंकायला वापरलं."

तेही सांगायला त्या लहानुभाऊंकडे गेल्या. तोवर त्यांचे तिथे जाणे नेमाचे झाले होते. लहानुभाऊ कधी बोलत, कधी बोलत नसत. चहा मात्र येऊ लागला होता. या वेळी त्यांनी ऐकून विचारले, "मंग बंद नाई केले ना त्याईनं?"

"नाही केलं."

"मंग ठीक हाय."

आज मॅडमच्या कामाची ख्याती दूरदेशी आहे. इथे त्यांच्या विभागात मुले कमी झाली आहेत, मधुमेहाने त्यांची नजर मंदावली आहे आणि पडद्यावरची अक्षरे त्या फार मोठी करून वाचतात. त्या समाधानी आहेत, असे लिहिणे या अंकाला शोभले असते. ते खरे नाही. गोड बोलून वेळ निभावणे मॅडमनी कधी केले नाही. त्यांच्यावर लिहिताना मलाही ते जमणार नाही.

हा लेख लिहिण्याआधी परवानगी मागायला मी एकटाच त्या गावी गेलो. लहानुभाऊ आता थकले आहेत. त्यांच्या सुनेने, नामदेवच्या बायकोने, खाट बाहेर आणून दिली. मॅडमची साठी आहे, अंक निघतो आहे, तुमच्या नामदेवचे त्यात येईल, असे मी सांगितले.

"लिवा," ते म्हणाले. "खरं हाय ते लिवा."

"मॅडमसाठी काही सांगायचं आहे का?"

ते नदीकडे पाहत राहिले. "मी बाईले माफ नाई केलो. तेबी सांगा. पन ती नाई आली का मले करमत नाई." सून दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला.

समितीने मला शेवटी दीर्घायुष्य चिंतणारे चार शब्द लिहायला सांगितले आहे. माझ्याजवळ माझे असे शब्द नाहीत. निघताना लहानुभाऊंनी मला हाक मारून जे सांगितले तेच, आम्हा सर्वांच्या वतीने, मॅडमच्या हाती देतो:

"देवानं बाईले लय उमर द्यावं, डोरे चांगले ठेवावं. मी जगून राह्यलो ना, मंग तिनंबी जगावं."